मास्तरांचा भाडेकरू

डेपोत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, पण त्यांनी आयुष्यात कुणाला दोन अक्षरं शिकवलेली नाहीत. ते ड्यूटीमास्तर. कुठल्या ड्रायव्हरनं कुठली बस कुठल्या फेरीला न्यायची, त्याच्याबरोबर कंडक्टर कोण, कुणाला कधी सुट्टी, याचं भलंमोठं कोष्टक ते दर गुरुवारी तयार करतात आणि शुक्रवारी सकाळी काचेच्या फळ्यात लावतात. शुक्रवारी दुपारपर्यंत निम्मा डेपो त्यांच्यावर रुसलेला असतो. सव्वीस वर्षं हे रुसवेफुगवे झेलून त्यांच्या कपाळावर एक आठी कायमची मुक्कामाला आली आहे. माणूस वाईट नाही, वैतागलेला आहे.

त्यांच्या टेबलाला सुतळीनं बांधलेली एक वही असते. विनंतीवही. ज्याला सुट्टी बदलून हवी त्यानं त्यात तीन गोष्टी लिहायच्या: कोण, कुठला दिवस आणि कारण. कारणाचा रकाना कोरा असेल तर विनंती विचारात घ्यायची नाही, हा मास्तरांनी स्वतःच काढलेला नियम. त्यामुळे त्या वहीत अख्ख्या डेपोचे संसार उघडे पडलेले असतात. ‘बायकोचे गुडघे, डॉक्टर.’ ‘सासूबाई येणार, स्टेशनवर जाणे आहे.’ ‘धाकट्याच्या शाळेत बोलावले आहे, पुन्हा.’ एका ड्रायव्हरनं तर सरळ ‘बायको रुसली आहे’ असं लिहून सही ठोकली होती. मास्तरांनी त्याला दोन दिवस दिले.

त्या वहीत एका माणसाची विनंती एकदाही आलेली नाही. खुद्द मास्तरांची.

ड्यूटीच्या टेबलावर क्लार्क दोन. एक मास्तर आणि दुसरा त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, बायको, तीन मुलं, मेहुणे, मेव्हण्या असा भरगच्च गोतावळा बाळगून असलेला. रविवारी दोघांपैकी एकानं बसायलाच लागतं. एकोणीस वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, “मास्तर, तुम्ही एकटे. तुम्हाला रविवार काय आणि मंगळवार काय!” तेव्हापासून सगळे रविवार त्याच्या सुट्टीचे झाले. ड्रायव्हर लोक त्याला रविवारकर म्हणतात. त्याला वाटतं, लाडानं म्हणतात.

आता चीड आणणारी गोष्ट अशी की मास्तर एकटे नव्हतेच.

एकोणीस वर्षांपूर्वी डेपोत दोन कंडक्टरांची मारामारी सोडवताना मास्तरांचा पुढचा दात पडला. डॉक्टरनं नव्या दाताचा रंग जुळवायला लॅबमधल्या माणसाला बोलावलं. तो कवळ्या आणि दात बनवायचा. हातात दातांच्या छटांची पट्टी घेऊन तो मास्तरांच्या ओठाजवळ आला आणि म्हणाला, “हसा.” मास्तरांना हसायची सवय नव्हती. त्यांनी प्रयत्न केला. “हे हसणं नाही, ही तक्रार झाली,” तो म्हणाला, आणि मास्तर खरंच हसले. चार महिन्यांनी तो कवळीवाला आपल्या प्लास्टरच्या जबड्यांसकट मास्तरांच्या दोन खोल्यांत राहायला आला.

महिनाभरानं आई अचानक दारात उभी. ती तेव्हा बासष्टची होती आणि मास्तरांच्या धाकट्या बहिणीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दाराशीच तिनं विचारलं, “हे कोण?”

“भाडेकरू,” मास्तर म्हणाले.

ठरवून नाही म्हणाले. तोंडातून निसटलं. पण एकदा निसटलं ते निसटलं, आणि मग त्या एका शब्दाची उस्तवार करण्यात एकोणीस वर्षं गेली. भाडेकरू म्हटला की त्याला वेगळी खोली हवी, म्हणून आतल्या खोलीत कवळीवाल्याच्या कामाच्या टेबलाशेजारी एक पलंग आला. पलंगावर कपाटातून काढलेली चादर घातली. खोलीला कुलूप आलं. आई यायची त्या दिवशी ते कुलूप लावायचं आणि ती आली की कवळीवाल्यानं बाहेरून आल्यासारखं येऊन ते उघडायचं. दोन मोठी माणसं, आता एक बावन्नचा, एक पन्नाशीचा, आणि हा असला पोरखेळ! कवळीवाला सुरुवातीला हसायचा. नंतर हसेनासा झाला.

आईला मात्र भाडेकरूची काळजी लागून राहिली. दर भेटीत ती मास्तरांना बाजूला घेऊन बजावायची, “दोन वर्षांवर ठेवू नये रे भाडेकरूला. मुळं धरतो.” मधल्या काळात तिचे दात गेले. दोन डॉक्टरांच्या कवळ्या तिनं नापास केल्या. शेवटी भाडेकरूनं तिच्या तोंडाचं माप घेतलं, आठ दिवस घासून घासून कवळी बसवली, आणि ती अशी बसली की आई सफरचंद चावून खायला लागली. त्या कवळीनं पहिलं सफरचंद खाल्लं आणि त्याच कवळीनं ती म्हणाली, “माणूस गुणी आहे. पण आता काढ त्याला.”

तर अशी सगळी गाडी रडतखडत चालली होती. आणि मग बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली.

बहिणीचा फोन आला. “दादा, आई म्हणते मी हे शहर सोडणार नाही. म्हणजे तुझ्याकडेच राहणार. पुढच्या रविवारी आणते. तुझ्या त्या भाडेकरूला सांग खोली रिकामी करायला. इतकी वर्षं राहिला, पुरे झालं.”

“बघतो,” मास्तर म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी हे कवळीवाल्याला सांगितलं. त्याला आधी गंमत वाटली. मग मास्तरांच्या तोंडाकडे बघून त्याची गंमत उतरली.

“तू तिला काय म्हणालास?”

“बघतो म्हणालो.”

“बघतो! एकोणीस वर्षं तू बघतोच आहेस. काय दिसलं आतापर्यंत?”

“अरे, आई एक्क्याऐंशीची आहे. तिला काय सांगू? आणि कुठल्या शब्दांत? असं काही असतं हेच तिच्या गावी नाही. तिनं असा माणूस उभ्या जन्मात पाहिलेला नाही.”

“रोज पाहते. आरशात कवळी घालताना माझंच काम बघते ती.” कवळीवाल्यानं हात पुसले. “ठीक आहे. खोली रिकामी होईल. पण एक ध्यानात घे, भाडेकरू एकदा गेला की पुन्हा राहायला येत नसतो.”

तो धमक्या देणाऱ्यातला नव्हता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले तेव्हा तो फळीवरचे प्लास्टरचे जबडे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत बसला होता. मास्तर चपला न काढता तिथेच उभे राहिले. बोलायला हवं होतं, पण त्यांनी फक्त एक जुनं वर्तमानपत्र त्याच्या हाताशी सरकवलं. स्वतःचा इतका संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

बुधवारी कप्तानाची बातमी आली.

कप्तान म्हणजे देशाच्या फुटबॉल संघाचा. त्याला ओळखत नाही असं शेंबडं पोरही नसेल. आणि त्याची सगळ्यात कट्टर भक्त होती मास्तरांची आई. ती मॅच बघताना जवळ कोणी बसू शकत नसे. “पास दे मेल्या, पास दे!” असं ती कप्तान सोडून सगळ्यांना ओरडायची, कप्तानाला कधी नाही. त्याचा पेपरातला फोटो तिनं आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

दुपारी डेपोच्या कँटीनमध्ये टीव्ही चालू होता. कप्तान एका टेबलामागे बसला होता, एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला एक टकला, ढेरपोट्या माणूस. कप्तान म्हणाला, “हा अकरा वर्षं माझ्या घरी राहतो. विचारेल त्याला मी सांगत आलो की हा माझा ट्रेनर आहे. हा ट्रेनर नाही. हा शाळेत भूगोल शिकवतो आणि याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. आम्ही जोडपं आहोत. मला आता खोटं बोलायचा कंटाळा आला आहे.” त्याच्या आईनं काही न बोलता त्याच्या ग्लासात पाणी ओतलं.

हातातला कप मास्तरांनी खाली ठेवला.

“काय गरज होती?” रविवारकर पलीकडच्या टेबलावरून म्हणाला. “मी म्हणतो, असशील बाबा तू तसा, आमचं काही म्हणणं नाही. आजकाल कोण विचारतं? पण घरातली गोष्ट घरात ठेवावी की नाही? आम्ही सांगतो का कुणाला आमच्या घरातलं?”

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस! याच्या बायकोचे गुडघे, दोन्ही, अख्ख्या डेपोला पाठ आहेत. ती घोरते कशी हे हा करून दाखवतो. लग्नाच्या वाढदिवसाला यानं दोघांचा गळ्यात गळा घातलेला फोटो क्लार्कांच्या खोलीत लावला, तो गेली सहा वर्षं मास्तरांच्या डोक्यावर लटकतो आहे. याच्या मेव्हणीचं कुणाशी जमलं आणि कुणाशी फिसकटलं हे मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि हा म्हणतो, आम्ही सांगतो का! तुम्ही दुसरं करता काय रे दिवसभर? तुम्ही सांगितलं की ते घर, आणि दुसऱ्यानं सांगितलं की ते चव्हाट्यावर आणणं?

हे सगळं मास्तरांच्या पोटात झालं. तोंडानं ते एवढंच म्हणाले, “चहा पाणचट आहे आज.”

मग त्यांना कप्तानाचाच राग आला. त्याचं काय जातंय? चार लोक शिट्ट्या मारतील, चार टाळ्या वाजवतील, तो गोल मारून मोकळा होईल. ड्यूटीमास्तरानं असलं काही केलं तर शुक्रवारी कोष्टकाखाली कोण काय लिहून ठेवेल सांगता येत नाही. पण परत टेबलाशी येताना त्यांच्या डोक्यात ट्रेनर हा शब्द घुमत राहिला. म्हणजे एवढा मोठा माणूस, आणि त्यालाही घरात राहणाऱ्या माणसाला काहीतरी भलतंच नाव द्यावं लागलं होतं. मास्तरांना आजवर वाटत होतं की इतका बावळटपणा जगात आपणच केला.

शुक्रवारी बहिणीचा फोन आला. “दादा, आईचं काहीतरी बिनसलंय. त्या कप्तानाची बातमी बघितल्यापासून गप्प आहे. जेवत नाही धड. कपाटावरचा त्याचा फोटोसुद्धा काढून टाकला.”

रात्री जेवताना मास्तर कवळीवाल्याला म्हणाले, “बघितलंस? जिवापाड लाडका कप्तान, त्याचा फोटो काढला तिनं. माझं काय करेल? मी म्हणत होतो ना!”

“तू काहीच म्हणत नव्हतास,” कवळीवाला म्हणाला. “तोच तर वांधा आहे.” आणि त्यानं वरचा आणि खालचा, दोन जबडे एकत्र गुंडाळून शेवटच्या खोक्यात ठेवले. रविवारी बारा वाजता टेम्पो येणार होता. आई तीनला.

रविवारी सकाळची ड्यूटी अर्थातच मास्तरांची. रविवारकर कुटुंबाला घेऊन कुठे कुठे फिरत होता. मास्तर दोनला सुटले आणि घरापर्यंतचं अंतर त्यांनी असं कापलं की नाही पोहोचलो तरी चालेल. रिकामी फळी बघायची त्यांची तयारी नव्हती. जिन्यात त्यांना ओळखीचा आवाज आला. कवळी घासायच्या मोटरचा.

दार उघडं होतं. खोकी तशीच भिंतीला लागून होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात, कवळीवाला मान खाली घालून काम करत होता. समोर खुर्चीत आई बसली होती, तोंडावर रुमाल धरून. ती साडेअकरालाच, रिक्षा करून एकटी आली होती. टेम्पोवाल्याला तिनंच हाताच्या खुणेनं परत घालवलं होतं.

“आई, तू कशी काय इतक्या लवकर? आणि तू—” मास्तरांनी कवळीवाल्याकडे बघितलं.

“खालच्या कवळीला चीर गेली आहे,” तो मान वर न करता म्हणाला. “बुधवारपासून टोचते आहे. कुणाला बोलल्या नाहीत. जेवल्याही नाहीत.”

म्हणजे आई गप्प होती ती दातांमुळे! मास्तरांना हसावं की रडावं कळेना. दात नसताना चारचौघांत तोंड उघडायचं नाही हा आईचा बाणा होता. तिनं रुमालाआडून मास्तरांना बोटानं खुर्ची दाखवली. ते बसले. मोटर थांबली. कवळीवाल्यानं कवळी धुतली, पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं तोंड वळवून ती बसवली, दोनदा टक टक करून बघितली, आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

“चार दिवसांचं साठलंय,” आई म्हणाली. “मधे बोलू नकोस. कप्तानाचं ऐकलंस?”

“ऐकलं.”

“त्या ट्रेनरचं पोट बघितलंस? मी म्हटलं, हा कसला ट्रेनर! आणि असं म्हणता म्हणता मला आपला भाडेकरू आठवला.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली.

“मग बसल्या बसल्या मी एकेक जुळवत गेले. दुसरं करायचं तरी काय, तोंडात दात नव्हते. कुठला भाडेकरू घरमालकाच्या आईच्या तोंडाचं माप घेतो? तुला न्यूमोनिया झाला तेव्हा मी फोन केला, तर हे तुझे भाडेकरू म्हणाले, ‘डाव्या कुशीवर झोपवलंय, त्या कुशीवर खोकला कमी येतो.’ मी काय म्हटलं, केवढा चांगला भाडेकरू! ज्याला त्याला सांगत सुटले. आणि खोलीला कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खिळ्याला कोण टांगतं? गाढव ठरवलंस मला. एकोणीस वर्षं!”

“आई, मला वाटलं तुला—”

“तुला वाटलं! तूच वाटून घे, तूच घाबर, मला विचारायला नको.” तिचा आवाज चढला. “हे मला आवडलंय असं समजू नकोस. मला अजून धड कळलेलंही नाही. कप्तान बोलला नसता तर मरेपर्यंत कळलं नसतं, कारण असं काही असू शकतं हे मला सांगणार कोण होतं? तू? त्यानं सगळ्या जगाला सांगितलं. त्याची आई शेजारी बसून होती. मी म्हटलं, त्या बाईला निदान शेजारी बसायला बोलावलं तरी. मला तू दाराबाहेर ठेवलंस.” ती थांबली. “आता सांग. मी जुळवलंय ते मला नको. तुझ्या तोंडून हवं. हा कोण?”

कवळीवाला हातातला ब्रश धुवून झाला तरी धूतच होता. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं घोटलेला तो एक शब्द आयता जिभेवर येऊन उभा राहिला. त्यांनी तो गिळला.

“भाडेकरू नाही,” ते म्हणाले. “आम्ही एकत्र आहोत. नवराबायको असतात तसे. पहिल्यापासून.”

नळ बंद झाला. आईनं कवळी घासून टेबलावर पडलेली भुकटी बोटानं एका जागी लोटली. तिचे डोळे भरले होते, पण कपाळावर मास्तरांसारखीच आठी होती.

“हं,” ती म्हणाली. मग कवळीवाल्याकडे वळली. इतकी वर्षं ती त्याला अहोजाहो करत होती. “आणि तू रे? तुलाही तोंड नव्हतं? जगाला दात लावत फिरतोस!”

“चुकलं, काकू,” कवळीवाला म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला.

तेवढ्यात बहीण उरलेलं सामान घेऊन धापा टाकत वर आली. दारातली खोकी आणि कवळीवाला बघून तिचं टाळकंच फिरलं. “दादा! हे अजून इथेच? मी तुला सांगितलं होतं ना, खोली रिकामी करून ठेव म्हणून!”

“रिकामीच आहे ती,” आई म्हणाली. “एकोणीस वर्षांत कोणी झोपलेलं नाही तिथे. चादरीच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. ठेव माझी बॅग आत.”

मास्तरांनी हातांत तोंड लपवलं. बहीण एकदा दादाकडे, एकदा त्या खोलीकडे बघत बॅग धरून उभीच राहिली. तिला सगळं समजावून सांगायला तास लागला, आणि त्यातही आईच जास्त बोलली. मग आईनं पर्समधून घडी घातलेला कप्तानाचा फोटो काढला आणि चिकटपट्टी मागितली. त्या घरातला फोटो तिनं काढला होता तो नव्या घरात लावायला. प्लास्टरचे जबडे पुन्हा फळीवर चढले, तेव्हा तो त्यांच्या मधोमध लागला.

सोमवारी सकाळी मास्तरांनी विनंतीवही स्वतःकडे ओढली. पेन उघडून ते इतका वेळ बसले की एक ड्रायव्हर येऊन विचारून गेला, बरं आहे ना म्हणून. मग त्यांनी सरळ रेघेत लिहिलं. दिवस: येता रविवार, आणि पुढे एक सोडून एक रविवार. कारण: ‘घरी आई आणि माझा जोडीदार. तिघांनी मिळून मॅच बघणे आहे.’

दहा वाजता रविवारकर आला. सवयीनं वही उघडून वाचायला लागला. एकदा वाचलं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. त्यानं मास्तरांकडे बघितलं, भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बघितलं, आणि वही हळूच बंद केली.

“मास्तर,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “म्हणजे, माझं काही म्हणणं नाही. पण हे असं लिहायची काय गरज होती? नुसतं ‘घरगुती’ लिहायचं.”

“कारण लिहिल्याशिवाय सुट्टी मिळत नाही.”

“ते खरं. पण...” मग एकदम काहीतरी ध्यानात येऊन त्याचा चेहरा पडला. “मग रविवारी टेबलावर कोण बसणार?”

“तुम्ही,” मास्तर म्हणाले आणि वहीची सुतळी सरळ केली.